रेंज नसली तरी निरोप पोहोचावा: गावाकडच्या स्मार्टफोनवर आवाजी निरोप आणि व्हिडिओ कॉल कसे सुरू करावेत

कोकणातल्या बहुतेक घरांतले एखादे तरी माणूस बाहेर असते. कोणी मुंबईत, कोणी पुण्यात, कोणी आखातात, तर कोणी जहाजावर. घरी आईवडील, आजी, कधी एकटी काकू. मुलांनी हौसेने घेऊन दिलेला स्मार्टफोन ओटीवरच्या फळीवर असतो आणि त्यावर फक्त आलेला फोन उचलला जातो, तोही ऐकू आला तर. घर डोंगराच्या कुशीत, भोवती नारळी-पोफळी, भिंती जांभ्याच्या. रेंज मिळते ती ओटीच्या एका ठराविक खांबापाशी, आणि माजघरात पाऊल टाकले की जाते. मुलाचा फोन येतो तेव्हा आई आगरात शिंपणे करत असते आणि आई फोन लावते तेव्हा मुलगा लोकलच्या गर्दीत असतो. ही चुकामूक रोजची आहे.

अशा घरात स्मार्टफोन शिकवताना बहुतेक जण थेट व्हिडिओ कॉलपासून सुरुवात करतात. माझा अनुभव असा आहे की आधी आवाजी निरोप शिकवावा आणि मग व्हिडिओ कॉल. व्हिडिओ कॉलला दोन्ही टोकांना एकाच वेळी चांगली रेंज लागते आणि दोन्हीकडच्या माणसांना एकाच वेळी फुरसत लागते. निरोपाला यांतले काहीच लागत नाही. तो आपल्याकडून रेंज मिळेल तेव्हा निघतो आणि समोरच्याला सवड होईल तेव्हा ऐकला जातो. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना शिकवणाऱ्याने तो वाचावा किंवा ज्यांना स्वतः शिकायचे आहे त्यांनी फोन शेजारी ठेवून वाचावा. उदाहरणे अँड्रॉइड फोनची आणि व्हॉट्सॲपची आहेत, कारण गावोगावी तेच वापरात आहे. फोनच्या कंपनीनुसार सेटिंग्जमधले शब्द थोडे इकडेतिकडे होतील.

व्हॉइसमेल म्हणजे नक्की काय

परदेशी राहणारी मुले घरी येतात तेव्हा ‘आई, व्हॉइसमेल चालू करून घे’ असे सांगून जातात आणि इथे घोळ सुरू होतो. तिकडे फोन उचलला गेला नाही की कॉल आपोआप मोबाइल कंपनीच्या यंत्राकडे वळतो, एक ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येते आणि बोलणाऱ्याचा निरोप तिथे साठून राहतो. आपल्या फोनच्या सेटिंग्जमध्येही ‘व्हॉइसमेल’ असा शब्द दिसतो आणि डायलवर १ चा आकडा दाबून धरला की फोन व्हॉइसमेलचा क्रमांक मागतो. परंतु ही सोय फोनची नसून सिम देणाऱ्या कंपनीची असते आणि आपल्याकडच्या नेहमीच्या प्रीपेड सिमवर ती सहसा मिळत नाही. म्हणून तो रकाना रिकामा दिसला तर फोन बिघडला असे समजू नये, आणि तिथे कुणाच्या सांगण्यावरून कोणताही क्रमांक भरू नये.

त्याऐवजी दोन गोष्टी हाताशी आहेत. पहिली म्हणजे मिस्ड कॉल अलर्ट. फोन बंद असताना किंवा रेंजबाहेर असताना कोणाचा फोन येऊन गेला, ते रेंज आल्यावर एसएमएसने कळते. ही सेवा आपल्या सिमवर चालू आहे की नाही, ते सिमच्या कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारून घ्यावे. दुसरी आणि खरी कामाची गोष्ट म्हणजे व्हॉट्सॲपवरचा आवाजी निरोप. व्हॉट्सॲपच्या अलीकडच्या आवृत्तीत तर लावलेला कॉल उचलला गेला नाही की तिथल्या तिथे निरोप ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचा पर्याय समोर येतो, म्हणजे व्हॉइसमेलचेच काम होते.

आधी फोनची तयारी

सर्वप्रथम फोनची भाषा मराठी करावी. सेटिंग्ज, मग सिस्टम, मग भाषा, आणि त्यात मराठी वरच्या जागी आणावी. कित्येकांना वाटते की एवढ्याने काय होणार, पण अनोळखी अक्षरांनी भरलेल्या पडद्याला घाबरणारी आजी ‘कॉल’, ‘रद्द करा’, ‘ठीक आहे’ हे शब्द वाचू लागली की निम्मी भीती तिथेच जाते. अक्षरांचा आकारही मोठा करून घ्यावा.

मग प्ले स्टोअरमधून व्हॉट्सॲप घ्यावे, स्वतःचा क्रमांक द्यावा आणि एसएमएसने आलेला सहा आकडी कोड भरावा. हा कोड फक्त आपल्या फोनवर, आपण स्वतः भरायचा असतो. पुढे कधीही कोणी फोन करून ‘आलेला कोड सांगा’ म्हणाले, तर तो सांगायचा नाही, मग सांगणारा कितीही ओळखीचा वाटो. ॲप सुरू होताना मायक्रोफोन, कॅमेरा, संपर्क आणि सूचना यांची परवानगी मागते. या चारही परवानग्या द्याव्यात. त्यातली एखादी नाकारली गेली की पुढे ‘आवाज जात नाही’ किंवा ‘फोन वाजतच नाही’ अशा तक्रारी होतात आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

फोन वाजत नाही, या तक्रारीचे आणखी एक कारण असते, आणि ते मी अनेक घरांत पाहिले आहे. बॅटरी वाचवण्यासाठी काही फोन पडद्यामागे चालणारी ॲप झोपवून टाकतात. मग व्हॉट्सॲप उघडेपर्यंत ना निरोप दिसतो, ना कॉल वाजतो. सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीत व्हॉट्सॲप शोधावे, त्यातल्या बॅटरीच्या भागात जावे आणि ‘निर्बंध नको’ अशा अर्थाचा पर्याय निवडावा.

संपर्क साठवताना क्रमांकाकडे नीट लक्ष द्यावे. भारतातल्या माणसाचा दहा आकडी क्रमांक तसाच चालतो. परदेशातल्या माणसाच्या क्रमांकाआधी मात्र अधिक चिन्ह आणि त्या देशाचा कोड लागतो, उदाहरणार्थ संयुक्त अरब अमिरातीसाठी +९७१. डायलवर शून्य दाबून धरले की अधिक चिन्ह उमटते. संपर्काला घरातल्या माणसाचा फोटो लावून ठेवावा. ज्यांना वाचता येत नाही किंवा चष्म्याशिवाय दिसत नाही, ते चेहऱ्यावरून फोन ओळखतात.

आवाजी निरोप

आता मुलाच्या नावावर टेकवून त्याचे पान उघडा. खाली उजव्या कोपऱ्यात मायक्रोफोनची खूण आहे. तिच्यावर बोट दाबून धरा, धरूनच बोला आणि बोलून झाले की बोट उचला. बोट उचलताच निरोप निघतो. बोलताना चूक झाली तर बोट न उचलता डावीकडे सरकवा, म्हणजे बोललेले रद्द होते. जास्त बोलायचे असेल तर दाबलेले बोट वर सरकवा. तिथे कुलपाची खूण येते, मग बोट सोडले तरी ध्वनिमुद्रण चालू राहते आणि शेवटी पाठवण्याचे बटण दाबावे लागते. ज्यांचा हात थरथरतो किंवा बोट सारखे निसटते, त्यांना सुरुवातीपासून ही कुलपाची पद्धतच शिकवावी. पाठवण्याआधी आपलेच बोलणे ऐकून पाहण्याची सोयही त्यात आहे.

निरोप गेला की नाही, हे ओळखता आले पाहिजे, कारण रेंजच्या गावात खरी अडचण तीच असते. निरोपाखाली लहान घड्याळ दिसत असेल तर तो अजून आपल्याच फोनमध्ये अडकलेला आहे. काही करू नये, पुन्हा पुन्हा पाठवू नये. सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या मोकळ्या माळावर गेल्यावर किंवा त्या खांबापाशी आल्यावर तो आपोआप निघतो. एक बरोबरची खूण म्हणजे आपल्याकडून गेला. दोन करड्या खुणा म्हणजे समोरच्या फोनवर पोहोचला. समोरच्याने ऐकला की मायक्रोफोनची खूण निळी होते. समोरचा फोन बंद असेल तर निरोप ३० दिवसांपर्यंत वाट पाहतो आणि तोवर पोहोचला नाही तरच नाहीसा होतो. जहाजावरच्या मुलाला निरोप पाठवताना हे आठवत असावे, म्हणजे चार दिवस दोन खुणा आल्या नाहीत म्हणून आईच्या जिवाला घोर लागत नाही.

‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत झाडे आणि विजेचे खांब आडवे झाले, आणि पुष्कळ गावांत कित्येक दिवस ना वीज होती ना रेंज. अशा वेळी थेट कॉल कुणालाच लागत नाही. एका दुचाकीवरून दूर रेंजपर्यंत गेलेला माणूस मात्र साऱ्या वाडीचे निरोप एका फेरीत पाठवू शकतो. त्यासाठी निरोप आधी ध्वनिमुद्रित करून ठेवता येतात, हे माहीत असायला हवे.

आलेला निरोप ऐकताना फोन कानाला लावला की आवाज स्पीकरऐवजी कानापाशी येतो, त्यामुळे घरातले खाजगी बोलणे चारचौघांत फुटत नाही. निरोप लांबलचक असेल तर शेजारच्या छोट्या आकड्यावर टेकवून वेग वाढवता येतो. वयस्कर माणसांनी तो एकावर ठेवलेला बरा, चुकून दोनवर गेला की ‘मुलगा इतका घाईघाईने का बोलतोय’ अशी शंका येते.

निरोप कसा बोलावा, याचाही सराव लागतो. पहिल्या दिवशी बहुतेकांचा निरोप ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?’ एवढाच असतो, कारण आयुष्यभर फोनवर समोरून ‘हं’ ऐकायची सवय असते. म्हणून सांगावे की हे पत्र आहे, फक्त तोंडी लिहायचे. एका निरोपात एकच काम, आणि शेवटी आपल्याला काय उत्तर हवे ते. आमच्या शेजारच्या काकू मे महिन्यात मुलाला असा निरोप पाठवतात: ‘अरे, हापूसची पेटी रात्रीच्या गाडीला दिली आहे. सकाळी दादरला उतरवून घे. वरच्या थरातले आंबे आधी काढ, खालचे अजून कच्चे आहेत. पेटी मिळाली की कळव.’ वीस सेकंदांचा निरोप, आणि विचारण्यासारखे काही उरले नाही. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून हात चिकट झालेले असताना मात्र त्या फोनला हात लावत नाहीत. ओल्या आणि चिकट बोटाला पडदा नीट दाद देत नाही, त्यामुळे शेजारी कोरडे फडके ठेवण्याची त्यांची सवय सर्वांनी घेण्यासारखी आहे.

ज्यांची मुले दुबई, अबुधाबी, शारजा अशा ठिकाणी आहेत, त्यांच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. संयुक्त अरब अमिरातीत तिथल्या नियमांमुळे व्हॉट्सॲपवरचे कॉल चालत नाहीत, ना आवाजी ना व्हिडिओ. लिखित आणि आवाजी निरोप मात्र चालतात. तेव्हा तिकडे कॉल लागत नसेल तर दोष आपल्या फोनचा नाही. व्हिडिओवर बोलायचे असेल तर तिथे परवानगी असलेले बोटिमसारखे ॲप दोन्हीकडे घ्यावे लागते, आणि रोजच्या बोलण्याला आवाजी निरोप पुरतो.

व्हिडिओ कॉल

निरोपाचा सराव आठवडाभर झाला की मगच इकडे वळावे. त्याच पानावर वर उजवीकडे कॅमेऱ्याची आणि फोनची अशा दोन खुणा आहेत. कॅमेऱ्याच्या खुणेवर टेकवले की व्हिडिओ कॉल लागतो. येणारा कॉल उचलणे हे लावण्यापेक्षा अवघड वाटते, कारण फोन कुलूपबंद असताना हिरवी खूण नुसती दाबून चालत नाही, ती वर सरकवावी लागते. शिकवणाऱ्याने शेजारच्या खोलीत जाऊन पाच-सहा वेळा खरा कॉल करावा आणि त्यांना स्वतःच्या हाताने उचलू द्यावा. फोन आपल्या हातात घेऊन ‘हे बघ, असं’ म्हणून दाखवल्याने कोणी शिकत नाही, बोट त्यांचेच हलले पाहिजे.

कॉल सुरू झाला की पहिली सवय मोडावी लागते ती फोन कानाला लावण्याची. माझ्या आजीने पहिल्या व्हिडिओ कॉलला सवयीने फोन कानाला लावला आणि पणजीतल्या नातवाला दोन मिनिटे नुसता कान आणि कुडी दिसत होती. तिला त्याचा चेहरा दिसलाच नव्हता, हे तिला नंतर कळले तेव्हा ती खरोखर हळहळली. म्हणून आता मी फोन हातात देतच नाही. स्टीलच्या डब्याला किंवा पाटाला टेकवून तो उभा ठेवतो, डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर. हात मोकळे राहतात, बोलता बोलता तांदूळ निवडता येतात आणि चेहराही स्थिर दिसतो.

उजेड चेहऱ्यावर हवा, पाठीशी नको. कोकणातल्या घरांची माजघरे अंधारी असतात आणि ओटीचे दार उघडे असते, त्यामुळे दाराकडे पाठ करून बसले की समोरच्याला नुसती काळी आकृती दिसते. दाराकडे तोंड करून बसावे. रात्री दिवा डोक्यामागे येणार नाही असे बघावे.

पडद्यावर टेकवले की खाली काही बटणे येतात. कॅमेरा उलटा करण्याच्या बटणाने आपल्या चेहऱ्याऐवजी समोरचे दृश्य दाखवता येते, आणि गोठ्यातले वासरू, अंगणातली वाळवणे, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचे पाकीट हे सगळे त्यामुळे मुलांना दिसते. गोळ्यांचे पाकीट दाखवणे ही मला या सोयीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण औषधांची नावे फोनवर उच्चारून सांगण्यात मोठी चूक होऊ शकते. कॅमेरा बंद करण्याच्या बटणाने तोच कॉल साधा आवाजी होतो. चित्र अडकू लागले, शब्द तुटू लागले की कॉल न तोडता आधी हे बटण दाबावे, बहुतेक वेळा बोलणे लगेच सुधारते.

गणपतीत मुंबईहून येता न आलेल्या चाकरमान्यांना आरती दाखवायची असेल तर एका कॉलमध्ये ३२ जणांपर्यंत घेता येतात. फोन मूर्तीसमोर, पण झांजा आणि टाळांपासून पाच-सहा फूट दूर ठेवावा. जवळच्या मोठ्या आवाजाने शब्द फुटतात आणि आरती ऐकू येण्याऐवजी नुसता गोंगाट पोहोचतो.

व्हिडिओला डेटा आवाजापेक्षा कितीतरी पट जास्त लागतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज आणि डेटा या भागात कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवावा. त्याच भागात फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवणे बंद करावे. सकाळच्या शुभेच्छांचे व्हिडिओ उतरवण्यातच दिवसाचा डेटा संपून गेला, म्हणून रात्री मुलाचा कॉल लागला नाही, असे फार होते.

घरात वाय-फाय असेल तर

आता पुष्कळ गावांत फायबरचे इंटरनेट आले आहे. घरात वाय-फाय असूनही लोक साध्या फोनसाठी अंगणात धावतात, याचे मला वाईट वाटते, कारण ‘वाय-फाय कॉलिंग’ नावाची सोय त्यांच्या फोनमध्ये बहुधा आधीच असते. सेटिंग्ज, मग नेटवर्क, मग सिम, आणि त्यात वाय-फाय कॉलिंग चालू करावे. मग सिमचा नेहमीचा कॉल वाय-फायवरून येतो-जातो, जांभ्याची जाड भिंत आड येत नाही. कॉल करणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला काहीही नवीन शिकावे लागत नाही. फोन आणि सिम दोन्हींनी ही सोय दिलेली असावी लागते, म्हणून पर्याय दिसला नाही तर सिमच्या दुकानात विचारावे.

पावसाळ्यात वीज गेली की राऊटर, म्हणजे वाय-फाय देणारी पेटी, तीही बंद पडते. राऊटरसाठी लहान यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर चालणारी बॅटरी, मिळतो, तो घेऊन ठेवला तर काही तास तरी सोय राहते. मात्र वळवाच्या पावसात आभाळ कडाडू लागले की राऊटरची पिन भिंतीतून काढून ठेवावी.

फसवणुकीपासून जपणे

फोन शिकवताना हा भाग टाळू नये. कोणी फोन करून तारांकन, ४०१, पुन्हा तारांकन आणि त्यापुढे एखादा क्रमांक लावायला सांगितले तर तो लावू नये. त्याने आपले कॉल दुसऱ्याच्या फोनकडे वळवले जातात आणि बँकेचे फोनही त्याच्याकडे जातात. या प्रकारामुळे दूरसंचार विभागाने कोड लावून चालणारे कॉल फॉरवर्डिंग १५ एप्रिल २०२४ पासून थांबवण्याचा आदेश दिला होता, तरी सावध राहावे.

अनोळखी क्रमांकाचा व्हिडिओ कॉल उचलू नये. व्हॉट्सॲपच्या गोपनीयतेच्या भागात अनोळखी कॉल न वाजवण्याचा पर्याय आहे, तो चालू करावा. पोलिसांच्या वेशात पडद्यावर येऊन ‘तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, कॉल तोडू नका’ असे धमकावणारे भामटे असतात. कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. फोन सरळ बंद करावा. कॉल चालू असताना स्क्रीन शेअर करायला सांगणाऱ्यालाही नकार द्यावा, कारण मग आपल्या पडद्यावर येणारा प्रत्येक कोड त्याला दिसतो. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. व्हॉट्सॲपच्या खात्याला दुहेरी पडताळणीचा सहा आकडी पिनही लावून घ्यावा आणि तो घरातल्या एकाच विश्वासू माणसाला सांगून ठेवावा.

शेवटी एक कागद घ्यावा आणि मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहाव्यात: हिरवी खूण वर सरकवा. बोलायला मायक्रोफोन दाबून धरा. घड्याळ दिसले तर थांबा. कोड कुणाला सांगू नका. त्याखाली मुलांचे क्रमांक आणि १९३०. हा कागद फोनच्या फळीशेजारी, ओल लागणार नाही अशा जागी चिकटवावा. आठवड्यातून एक दिवस ठरवून संध्याकाळी मुलांनी फोन करावा आणि त्या दिवशी आईने, आजीने स्वतःच उचलावा, मग उचलायला दहा वेळा वाजावे लागले तरी चालेल.